गुरुजी अडले की शाळा अडते

दिवाळीत नातू आला होता. माझ्या मुलीचा मुलगा. शिकला नागपूरला, नोकरी पुण्याला, आणि निम्मी नोकरी घरूनच. त्यामुळे सुट्टीवर आला तरी लॅपटॉप सोबत असतोच. आमच्या सावलीला त्या दिवसांत धानाची कापणी चालू असते, घराघरांतली माणसं बांधीत असतात, आणि हा पोरगा मात्र पडवीत खुर्ची टाकून बसलेला. एका रात्री साडेबाराला पाणी प्यायला उठलो, तर पडवीतला दिवा चालूच. पोरगा डोक्याला हात लावून बसला होता.

"काय करून राहिला रे एवढ्या रात्री?"

"काही नाही आबाजी. सर्व्हर हँग होऊन राहिला. कोणीतरी असिंक फंक्शनमध्ये ब्लॉकिंग कॉल टाकून ठेवला आहे. तुम्ही झोपा."

आता, 'तुम्ही झोपा' म्हटल्यावर झोपायला जाणारा मी माणूस नाही. छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. संगणकाशी माझी ओळख नोकरीच्या शेवटी शेवटी केलेल्या एमएस-सीआयटी एवढीच. पण न समजलेली गोष्ट तशीच सोडून द्यायची नाही, ही खोड जुनी आहे. म्हटलं, "मला समजाव. नाही समजलं तर झोपतो."

त्याने समजावलं. बऱ्यापैकी समजावलं. आणि पाचेक मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की हा मला माझ्याच पहिल्या शाळेची गोष्ट सांगतो आहे.

माझी पहिली नेमणूक १९७३ सालची. वैनगंगेच्या पलीकडे, जंगलातल्या एका लहान गावात. (गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्याआधी नदीचे दोन्ही काठ एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होते.) खोली एक, फळा एक, शिक्षक एक, आणि वर्ग चार. पहिली ते चौथी मिळून चाळीसेक पोरं. एकशिक्षकी शाळा म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, की गुरुजी एका वर्गाला शिकवत असणार आणि बाकीचे तीन वर्ग दंगा करत असणार. तसं चालवलं तर शाळा महिनाभरात बंद पडेल.

चालवायची रीत वेगळी होती. पहिलीला पाटीवर अक्षर काढून द्यायचं आणि गिरवायला लावायचं. ती गिरवतात तोवर दुसरीकडे वळायचं, त्यांना पाढे लिहायला सांगायचे. तिसरीला पुस्तकातला उतारा वहीत उतरवायला द्यायचा. मग चौथीच्या फळ्याशी उभं राहून गणित. इतक्यात पहिलीतून आवाज येतो, "गुरुजी, झालं!" हातातली पायरी पूर्ण करून तिकडे जायचं, पाटी बघायची, पुढचं अक्षर द्यायचं, परत फिरायचं. दोघांनी एकदम हात वर केला तर आधी ज्याचा वर गेला त्याच्याकडे आधी. गुरुजी एका वेळी एकाच मुलाजवळ असतात, पण शाळा चारही वर्गांची चालू असते.

यातली किल्ली कुठे आहे ते बघा. पोरगं गिरवत असताना गुरुजी त्याच्या डोक्यावर उभे राहत नाहीत. गिरवायला वेळ लागणारच. तो वेळ गुरुजींचा नाही, पोराचा आहे. गुरुजींनी एवढंच सांगायचं, की झालं की हाक मार.

नातवाने सांगितलेला 'इव्हेंट लूप' म्हणजे नेमकं हेच. त्याचा सर्व्हर म्हणजे एकशिक्षकी शाळा. एकच धागा काम करतो (ते लोक त्याला 'थ्रेड' म्हणतात), आणि हजारो माणसांच्या मागण्या एकामागून एक हाताळतो. एखाद्या मागणीसाठी डेटाबेसला काही विचारायचं असलं, दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडून काही आणायचं असलं, की तो प्रश्न पाठवून देतो आणि उत्तराची वाट पाहत तिथे ताटकळत न राहता पुढच्या माणसाकडे वळतो. उत्तर आलं की "गुरुजी, झालं!" अशी हाक येते, मग तो उरलेलं काम पुरं करतो.

ही वाट पाहणं किती मोठं असतं, याचा हिशेब मी त्याच्याकडून करून घेतला. आजचा साधा प्रोसेसर सेकंदाला सुमारे तीनशे कोटी ठोके टाकतो. आंतरजालावरून दूरच्या शहरातल्या सर्व्हरला विचारून उत्तर यायला पन्नास मिलिसेकंद लागले, तर आपल्याला ते पापणी लवण्याआधी झाल्यासारखं वाटतं. पण तेवढ्यात प्रोसेसरचे पंधरा कोटी ठोके होऊन जातात. म्हणजे एवढा चपळ नोकर दारात नुसता उभा ठेवायचा, आणि पोस्टमन कधी येतो ते बघत राहायचं!

पूर्वी याच्यावर उपाय होता, की प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक वेगळा नोकर ठेवा. म्हणजे प्रत्येक मुलाला एक गुरुजी. थोड्या मुलांत चालतं. पण नोकराला बसायला जागा लागते, एकाकडून दुसऱ्याकडे काम फिरवण्यात वेळ जातो. १९९९ साली डॅन केगेल नावाच्या गृहस्थांनी प्रश्न मांडला, की एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाइकं कशी सांभाळावीत? त्या प्रश्नाच्या उत्तरांत ही एकशिक्षकी पद्धत फार उपयोगी पडली. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ सालची, ती ब्राउझरमध्ये पहिल्यापासून अशीच चालत आली. २००९ साली नोड आलं आणि तीच पद्धत सर्व्हरवर घेऊन गेलं. नातू पायथॉन भाषेत काम करतो. तिच्यात ही सोय २०१४ साली आली आणि 'असिंक', 'अवेट' हे दोन शब्द २०१५ साली. 'असिंक' म्हणजे या कामात मध्ये थांबावं लागू शकतं अशी पाटी, आणि 'अवेट' म्हणजे 'इथे मी थांबतो आहे, तोवर गुरुजींनी दुसरीकडे जायला हरकत नाही' असा इशारा.

आम्हा धानवाल्यांना हे नवं नाही. पऱ्हे टाकल्यावर रोवणीजोगे व्हायला तीन आठवडे तरी लागतात. म्हणून शेतकरी पऱ्ह्यांकडे टक लावून धुऱ्यावर बसत नाही. तो बांध्या नांगरतो, चिखलणी करतो, मजुरांची जुळवाजुळव करतो. पऱ्हे तयार झाले की रोवणीला लागतो. वाट पाहणं दोघांचंही असतं, पण हात मोकळे ठेवून.

तर मग ब्लॉकिंग कॉल म्हणजे काय? गुरुजींनी पहिलीतल्या पोराजवळ जाऊन बसायचं आणि त्याचं अक्षर पुरं होईपर्यंत उठायचंच नाही. मागून तिन्ही वर्ग ओरडत आहेत, "गुरुजी, झालं", आणि गुरुजींना ऐकूच येत नाही.

मी पडलो शिक्षक. प्रयोग केल्याशिवाय विश्वास नाही. नातवाकडून चार-पाच ओळी लिहून घेतल्या. तीन कामं, प्रत्येकात पाच सेकंद थांबायचं, तिन्ही एकदम सुरू करायची. आधी असिंकची स्वतःची 'स्लीप' वापरली. तिन्ही कामं पाच सेकंदांत संपली. मग फक्त तेवढा शब्द बदलून 'टाइम'मधली साधी 'स्लीप' घातली. बाकी प्रोग्राम तोच, 'असिंक'ची पाटी तीच. पंधरा सेकंद लागले! मी घड्याळ लावून मोजले. कुठे चूक झाल्याचा संदेश नाही, लाल अक्षर नाही. प्रोग्राम बरोबरच चालला, फक्त एकाने बाकी दोघांना दाराशी उभं केलं.

इथे मला खरी मेख सापडली. पाटी लावल्याने काही होत नाही. फंक्शनच्या आधी 'असिंक' लिहिलं म्हणून आतलं काम शहाणं होत नाही. आत कुठेतरी, तीन जिने खाली, कोणीतरी आणलेल्या तयार लायब्ररीत एक अडून बसणारी ओळ असली, की वरची सगळी पाटी खोटी.

त्या रात्री नातवाच्या सर्व्हरवर तेच झालं होतं. एका सहकाऱ्याने पत्ता तपासण्यासाठी दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरला विचारणारी ओळ लिहिली होती. साध्या, अडून बसणाऱ्या लायब्ररीतून. सहा महिने कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिकडून उत्तर झटक्यात यायचं. दिवाळीच्या गर्दीत तिकडचा सर्व्हर मंदावला आणि उत्तराला सात-आठ सेकंद लागू लागले. ज्याला पत्ता तपासायचा आहे तो तर थांबलाच, पण ज्याला नुसतं पान उघडायचं होतं तोही थांबला. तक्रारी आल्या त्या पान उघडत नाही म्हणून, आणि दोष होता पत्त्याच्या ओळीत. हेही ओळखीचं आहे. दुसरीची मुलं दंगा करतात म्हणून साहेब दुसरीला रागावतात, आणि अडलेले असतात गुरुजी पहिलीपाशी.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी नातवाला त्या रात्री सांगितली नाही.

त्याच पहिल्या शाळेतलं तिसरं की चौथं वर्ष असेल. एका कार्यालयातून निरोप आला, की अमुक तक्ता संध्याकाळच्या आत भरून पाहिजे, माणूस थांबला आहे. जातवार, वयवार, वर्गवार संख्या. उभी बेरीज आडव्या बेरजेशी जुळेना. मी खुर्चीत बसून राहिलो. पोरं अधूनमधून म्हणत होती, "गुरुजी, झालं." मी मान वर न करता म्हणत होतो, "थांबा." हजेरीपत्रकात त्या दिवशी शिक्षक हजर आहे. खोलीत येऊन कोणी पाहिलं असतं तरी त्याला गुरुजी खुर्चीत दिसले असते. (नातू सांगतो की हँग झालेला सर्व्हरसुद्धा यादीत 'चालू' म्हणूनच दिसतो.)

पहिलीत एक मुलगी होती. पावसाळ्यानंतर उशिरा शाळेत आलेली, बुजरी, महिनाभर तोंडातून शब्द नाही. त्या दिवशी ती पाटी घेऊन माझ्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. तिने "झालं" म्हटलं नाही, नुसती उभी राहिली. मला ती डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती. मी बेरीज करत राहिलो. घंटा झाली, मुलं पळाली, तीही गेली. तक्ता जुळला. माणूस घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी चौथीतल्या एका मुलाने सांगितलं, "गुरुजी, तिने काल आपलं नाव लिहिलं होतं. सगळं." पाटीवरचं नाव ते, रात्रभर कुठे टिकतं? तीन-चार दिवसांनी ती यायची थांबली. घरी लहान भाऊ सांभाळायला ठेवली होती. मी दोनदा घरी जाऊन आलो. आली नाही. पाटी न पाहिल्यामुळेच ती गेली असं मी म्हणणार नाही, भाऊ सांभाळायचा होता हे खरंच होतं. पण तिने पहिल्यांदा लिहिलेलं तिचं नाव पाहायला जो एक माणूस नेमलेला होता, तो चार हातांवर बसून होता आणि मोकळा नव्हता. पन्नास वर्षं होत आली, तो तक्ता कशाचा होता हे आज मला आठवत नाही.

असो.

तर माझं मत सांगतो. दोष वाट पाहण्यात नाही. तक्ता भरणंही काही पाप नाही, कोणीतरी भरायलाच हवा. दोष आहे तो सगळ्यांच्या वाट्याचा एकच माणूस एका कामाला बांधून ठेवण्यात. आणि त्यावर 'जरा लवकर आटपा' हा उपाय नव्हे. उपाय तीनच आहेत, शाळेतही आणि संगणकातही.

पहिला, काम वाट पाहण्याचं असेल तर हाक मारणाऱ्या पद्धतीने करा. नातवाने त्या रात्री हेच केलं. साधी लायब्ररी काढून असिंकवाली घातली, आणि सोबत मुदत घातली, की दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुढे चला, पत्ता नंतर तपासू. मुदतीशिवाय वाट पाहणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय रोग आहे, पण तो वेगळा विषय.

दुसरा, अडून बसल्याशिवाय होणारच नाही असं काम दुसऱ्या हाती सोपवा. शाळेत त्याला कारकून म्हणतात, पायथॉनमध्ये त्यासाठी वेगळा थ्रेड. २०२० साली तर एका ओळीत काम सोपवायची सोय त्या भाषेने करून दिली. आमच्याकडे याची जाणीव व्हायला फार वर्षे गेली. १९८७ च्या खडू-फळा योजनेने एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक देण्याचं ठरवलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कलम २७ मध्ये लिहून ठेवलं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपू नये. कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला, मी त्याच्या आदल्या वर्षी निवृत्त झालो. कलम चांगलं आहे. पण आज शाळेत असलेल्या माझ्या ओळखीच्या कोणाही शिक्षिकेला विचारा. तक्त्याचा कागद गेला आणि मोबाइल आला, एवढंच. माहिती भरायची, पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहतं, आणि पोरं "मॅडम, झालं" म्हणत उभी. फंक्शनवर पाटी 'असिंक'ची, आत ओळ जुनीच!

तिसरा उपाय त्या कामासाठी, ज्यात वाट पाहणं नाही पण काम स्वतःच लांबलचक आहे. चौथीचा मोठा भागाकार समजावायला वीस मिनिटं सलग लागतात. तिथे मी रिकामा नसतो, राबत असतो, तरी बाकीचे तीन वर्ग अडतातच. नातू म्हणाला, यालाही आम्ही ब्लॉकिंगच म्हणतो. नवशिके इथे हमखास फसतात, त्यांना वाटतं गणित करतोय म्हणजे अडवत नाही. अशा कामाचे तुकडे करावेत, मध्येमध्ये वर्गावर नजर फिरवावी. नाहीतर दुसरा शिक्षकच हवा, म्हणजे वेगळी प्रोसेस. पायथॉनमध्ये एक तपासणीची सोय आहे म्हणे. ती चालू केली की शंभर मिलिसेकंदांहून जास्त वेळ अडवून धरणाऱ्या तुकड्याची तक्रार ती नोंदवते. आमच्या तपासणीत असा एक रकाना असता तर!

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तो एकांगी उपदेश होईल. एकट्या मुलाची शिकवणी घेताना मी त्याच्याजवळ बसूनच राहतो, तिथे धावपळीची गरज नाही. तसंच एखादा लहानसा प्रोग्राम, एकाच माणसासाठी, एकापुढे एक काम करणारा असेल, तर त्यात साधी वाट पाहणारी ओळच बरी. वाचायला सोपी, चुका कमी. फॅशन म्हणून सगळीकडे 'असिंक' घालणाऱ्यांचा नातवालाही वैताग आहे. पण एकदा का चार वर्ग एका माणसावर सोपवले, की त्याने कुठेही, कधीही, अडून बसायचं नाही. मग प्रत्येक ओळ लिहिताना विचारायचं, इथे मी थांबलो तर माझ्यामागे कोण उभं आहे?

रात्री अडीचला त्याचा सर्व्हर मार्गी लागला. पोरगा हसला, म्हणाला, "आबाजी, तुम्ही आमच्या टीमला शिकवायला या." मी म्हटलं, "आधी पांघरूण घे, थंडी पडली आहे."

हल्ली संध्याकाळी शेजारचा एक दुसरीतला मुलगा वही घेऊन येतो. मी कधी पेपर वाचत असतो, कधी ही जालनिशी लिहीत असतो. तो खाकरत नाही, बोलत नाही, दारात नुसता उभा राहतो. आत्ताही उभा आहे. उरलेलं वाक्य नंतर बघू.